‘अरे, हा तोच ना?’ : हॅरी डीन स्टँटन आणि कॅरेक्टर अ‍ॅक्टर नावाचा धंदा

घरी सगळे मिळून इंग्लिश पिक्चर बघत असलो की हे हमखास होतं. स्क्रीनवर एक माणूस येतो, दोन वाक्यं बोलतो, आणि सोफ्यावरून कुणीतरी ओरडतं, अरे हा तोच ना, तो नाही का, त्या ह्याच्यातला... आणि मग पुढची पाच मिनिटं पिक्चर कुणीच बघत नाही, सगळे मोबाईल काढून तो ‘तोच’ म्हणजे कोण ते शोधत बसतात. नाव सापडतं, आणि उद्यापर्यंत विसरायलाही होतं. चेहरा तेवढा डोक्यात राहतो.

अमेरिकेत या लोकांना कॅरेक्टर अ‍ॅक्टर म्हणतात. आपल्याकडे त्याला चरित्र अभिनेता असा शब्द आहे आणि मला तो कायम गंडलेला वाटत आलाय, कारण चरित्र म्हटलं की शाळेतली थोर पुरुषांची चरित्रंच आठवतात, लहानपणी तर मला खरंच वाटायचं की चरित्र अभिनेता म्हणजे टिळक-आगरकर वगैरे रोल करणारा माणूस. तर तसं काही नाही. पिक्चरमधला बाप, पोलीस, शेजारी, दारूडा, वकील, ट्रक ड्रायव्हर, गावातला एक म्हातारा, हे सगळं करतो तो हा. पण एवढं सांगून काही समजत नाही, कारण मग प्रश्न येतो की छोटे रोल करणारा प्रत्येकच जण कॅरेक्टर अ‍ॅक्टर का? आणि हिरो व्हायला जमलं नाही म्हणून हे करतात का? आणि चाळीस-पन्नास वर्षं यात पोट कसं भरतं?

हे सगळं नीट कळायला एक माणूस पुरेसा आहे. हॅरी डीन स्टँटन. हडकुळा, गाल आत गेलेले, डोळे असे की रात्रभर झोपलेला नाही आणि झोपायची घाईही नाही. साठ वर्षांच्या आसपास काम केलं, सिनेमे शंभराच्या घरात, टीव्हीवरचं वेगळंच, आणि यात मेन रोल किती म्हणाल तर एका हाताची बोटंसुद्धा पुरी लागणार नाहीत.

आता आपल्याकडे समज असा असतो की स्टार प्रत्येक पिक्चरमध्ये तोच दिसतो आणि खरा कसलेला नट ओळखूच येत नाही, विग लावतो, वजन वाढवतो, आवाज बदलतो. हा माणूस या हिशोबात बसतच नाही. तो सगळीकडे सेम दिसतो. तोच चेहरा, तोच थकलेला आवाज, मेकअप जवळजवळ नाहीच. आणि तरी तो अंतराळयानातला मेकॅनिक म्हणून पटतो, एका धर्मपंथाचा खुनशी म्हातारा गुरू म्हणून पटतो आणि हायस्कूलमधल्या पोरीचा खचलेला बाप म्हणूनही पटतो. मग हा करतो तरी काय? माझं उत्तर असं आहे की तो काहीच करत नाही, आणि ते ‘काही न करणं’ शिकायला त्याला बरीच वर्षं लागली. हे ऐकायला बाबा-महाराजांच्या प्रवचनासारखं वाटतं, माहितीये. थांबा जरा, सांगतो.

जन्म १४ जुलै १९२६, केंटकी राज्यातलं वेस्ट अर्व्हिन नावाचं छोटं गाव. वडील तंबाखू पिकवायचे आणि जोडीला लोकांचे केस कापायचे. पोरगा मोठा झाला तोवर दुसरं महायुद्ध पेटलेलं, त्यामुळे हा नेव्हीत गेला आणि तिथे काय झाला तर जहाजावरचा स्वयंपाकी. जहाज होतं एलएसटी जातीचं, म्हणजे सपाट तळाचं अवाढव्य धूड, जे सरळ किनाऱ्याला जाऊन भिडतं, पुढचं दार उघडतं आणि आतून रणगाडे नि ट्रक वाळूत उतरतात. ही जहाजं इतकी सावकाश चालायची की नाविक त्या तीन अक्षरांचा अर्थच ‘लार्ज स्लो टार्गेट’, म्हणजे मोठं संथ टार्गेट, असा लावायचे. असल्या जहाजावर बसून हा १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत होता, जिथे जपानी वैमानिक विमानासकट जहाजांवर येऊन आदळत होते. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

युद्धावरून परत आल्यावर लेक्सिंग्टनला युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीत पत्रकारिता आणि रेडिओ शिकायला लागला, आणि तिथल्या गिन्योल थिएटरमध्ये नाटकं करायला लागला. त्यातलं एक होतं शॉचं ‘पिग्मॅलियन’, म्हणजे ज्याच्यावरून पु.लं.नी ‘ती फुलराणी’ केलं तेच. तिथल्या वॉलेस ब्रिग्ज नावाच्या दिग्दर्शकाने सांगितलं की डिग्रीबिग्री सोड आणि नट हो. यानेही ऐकलं. कॅलिफोर्नियात पॅसाडीना प्लेहाऊसमध्ये शिकला, मग मधे एका गाणाऱ्या पुरुषांच्या ग्रुपबरोबर देशभर फिरला, मुलांची नाटकं केली, आणि १९५४ च्या सुमाराला टीव्हीवर पहिलं काम मिळालं. सिनेमात १९५७ साली.

आता इथे थोडं धंद्याचं गणित समजून घ्यायला लागेल, नाहीतर पुढचं नशीब वाटेल आणि ते नुसतं नशीब नव्हतं.

हॉलिवूडमध्ये आधी काय होतं, तर मोठे स्टुडिओ नटांना वर्षानुवर्षांच्या करारावर पगारी ठेवायचे. हिरो-हिरॉइन तर होतेच, पण घरातला नोकर, डॉक्टर, खाष्ट सासू हे करणारे नटसुद्धा गिरणीतल्या कामगारासारखे महिन्याच्या हिशोबात. सोमवारी या पिक्चरमध्ये हवालदार आणि गुरुवारी त्या पिक्चरमध्ये जज्ज. मग १९४८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि स्टुडिओंना स्वतःच्या मालकीची थिएटरं सोडावी लागली, हमखास गल्ला गेला, आणि एवढी पगारी माणसं पोसणं हळूहळू बंद झालं. म्हणजे हॅरी डीन जेव्हा कामाला लागला तेव्हा नोकरी संपली होती आणि रोजंदारी सुरू झाली होती.

पण त्याच वेळी टीव्ही आला. आणि टीव्हीवर काय आलं तर काऊबॉय. १९५९ च्या आसपास संध्याकाळच्या मुख्य वेळेत पंचवीसहून जास्त वेस्टर्न मालिका चालू होत्या, अक्षरशः कुठलंही चॅनेल लावा, घोडा दिसणार. त्यातली ‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली, एपिसोड झाले ६३५. आता विचार करा, मार्शल म्हणजे तिथला फौजदार तोच, डॉक्टर तोच, दारूचा गुत्ता चालवणारी बाई तीच, पण दर आठवड्याला कुणीतरी नवीन माणूस गावात येऊन गोंधळ घालायला नको का? कुणीतरी घोडा चोरला पाहिजे, बँक लुटली पाहिजे, शेवटी गोळी खाऊन धुळीत पडलं पाहिजे. हे काम करणाऱ्यांची प्रचंड गरज होती. आणि हॅरी डीनचा चेहरा बघून कास्टिंगवाल्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. त्याने ‘गनस्मोक’मध्येच बऱ्याच वेळा हजेरी लावली, वेगवेगळा माणूस म्हणून. आधी एकदा येऊन गेलेला माणूस परत दुसऱ्या नावाने आला तर प्रेक्षकांना काही वाटत नाही का, तर नाही वाटत, हीच तर यातली गंमत आहे. चेहरा लक्षात राहतो, नाव राहत नाही, म्हणून तोच चेहरा परत विकता येतो.

नावावरून आठवलं. सुरुवातीच्या बऱ्याच कामांत त्याचं नाव नुसतं डीन स्टँटन असं येतं, कारण हॅरी स्टँटन नावाचा एक नट आधीच होता आणि नुसत्या हॅरी स्टँटन या नावाने घोळ झाला असता. म्हणजे बघा, आधीच कुणी नाव लक्षात ठेवत नाही, त्यात ते पण अर्धंच वापरायला मिळालं.

तर असा हा दहाएक वर्षं गुंडगिरी करत होता, आणि मग जॅक निकोल्सन आला. निकोल्सन तेव्हा काही मोठा स्टार नव्हता. दोघं जिगरी दोस्त, १९६२ साली निकोल्सनच्या लग्नात हा त्याच्या बाजूला उभा होता, पुढे काही काळ दोघं एका घरातही राहिले. तर निकोल्सनने एक वेस्टर्न लिहिला, ‘राइड इन द व्हर्लविंड’, आणि यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या दरोडेखोरांच्या म्होरक्याचा रोल हॅरी डीनला दिला. आणि देताना सांगितलं, तू काही करू नकोस. स्वतः आहेस तसा राहा, बाकीचं काम कपडे करतील. पुढे आयुष्यभर हॅरी डीन हा किस्सा सांगायचा, की त्या दिवशी मला माझ्या कामाची किल्ली मिळाली.

आता हे ‘काही करू नकोस’ म्हणजे नक्की काय ते बघू. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे म्हणून हात मोठा हलवावा लागतो, आवाज फेकावा लागतो. कॅमेऱ्याचं उलटं आहे. क्लोजअपमध्ये चेहरा पडद्यावर दोन मजली इमारतीएवढा होतो, पापणी हलली तरी ती घडामोड असते. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर कमी करावं लागतं. हे पुस्तकी झालं, कुठल्याही अभिनयाच्या क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात सांगतात. खरी अडचण वेगळीच आहे. ज्याला अख्ख्या पिक्चरमध्ये दोनच वाक्यं मिळालीत त्याला वाटतं की या दोन वाक्यांत मी माझं सगळं दाखवून टाकतो. आपल्याकडे लग्नात कधी नव्हे तो माईक हातात आलेले काका असतात ना, तसं. दोन मिनिटं शुभेच्छा द्यायच्या असतात पण काका माईक सोडत नाहीत. छोट्या रोलमधला नट असाच उतावीळ असतो, आणि प्रेक्षकाला तो उतावीळपणा लगेच दिसतो, मग तो पोलीस पोलीस वाटत नाही, पोलिसाचं काम करणारा नट वाटतो.

हॅरी डीन उतावीळ नाही. त्याच्याकडे बघून असं वाटतं की हा माणूस इथे आधीपासून होता, कॅमेरा नंतर आला. कॅमेरा गेला तरी हा इथेच बसणार आहे, सिगरेट ओढत.

‘द गॉडफादर पार्ट २’ मध्ये बघा. फ्रँक पेंटांजेली नावाचा माफियावाला साक्ष द्यायला तयार होतो आणि एफबीआयच्या पहाऱ्यात असतो, त्या पहाऱ्यावरच्यांमधला एक हा. रोलला नाव पण नाही, श्रेयनामावलीत ‘एफबीआय माणूस क्रमांक १’ असं आहे. १९७४ साल, वय अठ्ठेचाळीस, वीस वर्षं इंडस्ट्रीत काढलेली, आणि माणूस क्रमांक १. त्याच्या आधी १९६७ साली ‘कूल हँड ल्यूक’मध्ये तो कैदी होता, गिटार घेऊन गाणी म्हणणारा. हा गायचा चांगला, हार्मोनिका वाजवायचा, पुढे स्वतःचा बँड घेऊन लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये मेक्सिकन गाणीसुद्धा म्हणायचा.

आणि मग १९७९ चा ‘एलियन’. इथे जरा थांबतो, कारण मला वाटतं की अख्खी कला शिकवायची असेल तर यातली काही मिनिटं बास आहेत. यानात सात जण, त्यातले दोघं मेकॅनिक, पार्कर आणि ब्रेट. ब्रेट म्हणजे आपला हा, डोक्यावर टोपी, अंगात फुलाफुलांचा हवाईयन शर्ट. या दोघांची तक्रार काय तर आम्हाला बोनसमध्ये बाकीच्यांपेक्षा कमी वाटा मिळतो. पिक्चर अंतराळातला, पण यांचं बोलणं कुठल्याही एमआयडीसीतल्या शिफ्टचं. पार्कर बडबड करतो आणि ब्रेट प्रत्येक गोष्टीवर फक्त ‘राइट’ म्हणतो. एवढंच. हळूहळू बाकीचे लोक पण त्याच्या ‘राइट’ला वैतागतात. संवाद म्हणून लिहिलं तर त्यात काही नाही, पण त्या एका शब्दात तुम्हाला कळतं की हा माणूस कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या मशिनी दुरुस्त करतोय आणि त्याला कुणी कधी काही विचारलेलं नाही.

मग त्याला यानातलं मांजर शोधायला पाठवतात. एकटा. एका मोठ्या खोलीत येतो, छतापासून साखळ्या लोंबतायत, वरून पाणी टपटपतंय. कुठलाही दुसरा नट इथे घाबरायला सुरुवात करेल, कारण त्याने स्क्रिप्ट वाचलेलं असतं. हा काय करतो? दमलेला आहे, उकडतंय, म्हणून तो त्या पाण्याखाली उभा राहतो आणि तोंड वर करून पाणी तोंडावर घेतो. बस. कामावरून आलेला माणूस नळाखाली तोंड धुतो तसं. ते इतकं रोजचं आहे की आपण क्षणभर विसरतो आपण कुठला पिक्चर बघतोय. आणि मग ते जनावर येतं. एलियन भीतीदायक आहेच हो, पण खरी भीती वाटते ती आधीच्या त्या तोंड धुण्यामुळे. मरणारा माणूस खरा वाटला नाही तर राक्षस कितीही भारी बनवा, फुकट.

कॅरेक्टर अ‍ॅक्टरचं काम विचाराल तर हे. हिरोची गोष्ट ज्या जगात घडते ते जग खरं वाटायला लावणं. ते जग पटलं तर कौतुक दिग्दर्शकाचं होतं, नाही पटलं तर आपण म्हणतो पिक्चर फालतू होता, यांच्यापर्यंत ना कौतुक पोचतं ना शिव्या.

रॉजर एबर्ट नावाचा शिकागोचा मोठा समीक्षक, त्याच्या मात्र हे लक्षात आलं होतं. त्याने एक नियमच करून टाकला, की ज्या पिक्चरमध्ये हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांच्यापैकी कुणी छोट्या रोलमध्ये आहे तो पिक्चर पूर्णपणे वाईट असूच शकत नाही. नंतर त्याला दोघांच्या नावावर एकेक अपवाद मान्य करावा लागला, हॅरी डीनच्या नावावर १९८९ चा ‘ड्रीम अ लिटल ड्रीम’ आणि वॉल्शच्या नावावर १९९९ चा ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’. एवढ्या मोठ्या ढिगात एकेकच, म्हणजे नियम तसा टिकला म्हणायचं.

पैशाचं सांगायचं राहिलं. छोट्या रोलचा नट दिवसाच्या किंवा आठवड्याच्या बोलीवर काम करतो, आणि दिवस भरले की घरी. दोन कामांमध्ये किती महिने जातील सांगता येत नाही. मग ही माणसं टिकतात कशी? युनियनमुळे. १९६० साली सिनेमातल्या नटांच्या युनियनने संप केला, तेव्हा युनियनचा अध्यक्ष कोण होता तर रोनाल्ड रेगन, हो तोच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. त्या संपातून ठरलं की तिथून पुढचे पिक्चर टीव्हीवर दाखवले तर नटांना परत पैसे द्यायचे, आणि पेन्शन आणि आजारपणाच्या खर्चासाठी फंड उभा राहिला. या परत परत येणाऱ्या पैशाला रेसिड्युअल म्हणतात. स्टारला याचं फार काही नसतं, पण वर्षाला चार-पाच छोटी कामं करणाऱ्याला पोस्टाने येणारे ते छोटे-छोटे चेक म्हणजे घरभाडं असतं. बरीच कामं केलेला नट म्हणजे बऱ्याच ठिकाणी थोडी थोडी विहीर खणून ठेवलेला माणूस. (आपल्याकडचे किती जुने नट म्हातारपणी हालात गेले ते आठवलं की हा संप मला फार मोठी गोष्ट वाटते.)

तर १९८३. हॅरी डीन सत्तावन्न वर्षांचा. न्यू मेक्सिकोत सँटा फेला एका बारमध्ये नाटककार सॅम शेपर्डबरोबर बसलेला, आणि बोलता बोलता म्हणाला की मला कंटाळा आलाय त्याच त्याच रोलचा, काहीतरी सुंदर, हळवं करायचंय. हे काम मागणं नव्हतंच, दारूच्या टेबलावरचं रडगाणं होतं, असं आपण सगळेच करतो. पण शेपर्ड तेव्हा जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्ससाठी एक पिक्चर लिहीत होता. त्यातून ‘पॅरिस, टेक्सास’ आला.

यात हा हिरो. पहिल्यांदाच म्हणता येईल असा हिरो. सुरुवात अशी की टेक्सासचं वाळवंट, आणि त्यात एक माणूस सूट घालून, डोक्यावर लाल टोपी, हातात प्लॅस्टिकचा पाण्याचा कॅन, चालतोय. कॅनमधला शेवटचा घोट पितो, कॅन टाकून देतो, चालायला लागतो. एका खोपटासारख्या दुकानात शिरतो, तोंडात बर्फ कोंबतो आणि धाडकन खाली पडतो. हा माणूस चार वर्षं गायब होता. भाऊ त्याला घ्यायला येतो, गाडीत बसवतो, बोलत राहतो, हा गप्प. पिक्चरची पहिली पंचवीसेक मिनिटं हिरो एक शब्द बोलत नाही! कुठला स्टार हे मान्य करेल? आणि करेल तर त्या गप्प बसण्यात इतकं काही काही भरून ठेवेल की आपल्यालाच दम लागेल. इथे ती आधीची सगळी वर्षं कामी आली. सतत दोन वाक्यांचे रोल केलेल्या माणसाला वाक्यांशिवाय पडद्यावर कसं राहायचं ते माहीत होतं.

त्याला स्वतःला खात्री नव्हती बरं का. त्याची बायको झालेली नास्तासिया किन्स्की तेव्हा बाविशीची, हा सत्तावन्नचा, त्याला वाटायचं लोकांना हे पटणार कसं. पण त्यांचा जो मोठा सीन आहे तो बघा. ती ह्यूस्टनमध्ये अशा ठिकाणी काम करते जिथे गिऱ्हाईक काचेच्या एका बाजूला बसतं आणि फोनवर तिच्याशी बोलतं, त्याला ती दिसते, तिला तिकडून फक्त आरसा दिसतो. हा तिथे जातो. आणि खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करून बसतो, म्हणजे एवढं अंतर कापून आला ते तिला बघायला आणि आता बघतही नाहीये, आणि फोनवर एक गोष्ट सांगायला लागतो, की एक माणूस होता आणि एक मुलगी होती. तिसऱ्याच कुणाची सांगावी तशी. आवाज चढत नाही, रडत नाही, एखाद्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावं तसं सांगत जातो. त्यात काय काय भयंकर घडलंय ते ऐकताना आपल्याला कळतं, आणि काचेपलीकडे तिला हळूहळू कळतं की हा कोण आहे. तिचा चेहरा बदलतो. आणि इथे मला या नटाचा सगळ्यात मोठा गुण दिसतो, की आयुष्यातला सर्वात मोठा सीन मिळालाय आणि त्यातसुद्धा तो बाजूला सरून तिला जागा देतो. जन्मभर दुसऱ्यांचे सीन सावरणाऱ्या माणसाची सवय ती, जाणार कुठे.

१९८४ साली फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये या पिक्चरला पाम दॉर मिळालं, तिथलं सर्वोच्च बक्षीस. मग आता तो स्टार झाला असेल? नाही झाला. दोन वर्षांनी ‘प्रिटी इन पिंक’मध्ये तो परत बाप होता. मार्टिन स्कॉर्सेसीकडे सेंट पॉल झाला, डेव्हिड लिंचकडे पुन्हा पुन्हा गेला, ‘द ग्रीन माइल’मध्ये तुरुंगातला एक तिरपागडा म्हातारा, २००६ पासून ‘बिग लव्ह’ मालिकेत अनेक बायका करणाऱ्या पंथाचा गुरू. २०१२ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये तर तो मिनिटभरच आहे, हल्क आकाशातून एका गोदामात कोसळतो, परत माणूस होऊन जागा होतो, आणि समोर उभा असलेला म्हातारा सिक्युरिटी गार्ड अगदी गंभीरपणे विचारतो की तू एलियन आहेस का. थिएटरमध्ये हा जोक ज्यांना कळला ते ज्या पद्धतीने हसले असतील ना, तीच या माणसाची खरी फॅन फॉलोइंग.

ऑस्करचं म्हणाल तर सहायक भूमिकांसाठी वेगळं बक्षीस १९३६ च्या सिनेमांपासून आहे, पहिलंच वॉल्टर ब्रेनन या कॅरेक्टर अ‍ॅक्टरला गेलं आणि पुढच्या चार वर्षांत त्याने आणखी दोन घेतली. हॅरी डीनला एकदाही साधं नॉमिनेशन नाही. मला यात कटकारस्थान वगैरे दिसत नाही. बक्षीस द्यायला लोकांना एक सीन लागतो, रडण्याचा नाहीतर ओरडण्याचा, जो समारंभात वीस सेकंद दाखवता येतो. याचा कुठला तुकडा दाखवणार? ‘राइट’?

तरी एक तुकडा आहे. लिंचचा ‘द स्ट्रेट स्टोरी’, १९९९. आयोवातला एक म्हातारा, डोळे अधू म्हणून गाडी चालवायचं लायसन नाही, भावाला अर्धांगाचा झटका आल्याचं कळतं, दहा वर्षं भावाशी बोलणं नाही, तर हा गवत कापायच्या यंत्रावर बसून शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये भावाला भेटायला निघतो. खरी घडलेली गोष्ट, अंतर पावणेचारशे-चारशे किलोमीटर. अख्खा पिक्चर आपण रिचर्ड फार्न्सवर्थबरोबर त्या यंत्रावर प्रवास करतो, आणि भाऊ येतो तो अगदी शेवटी. भाऊ म्हणजे हॅरी डीन. वॉकर घेऊन मोडक्या घरातून बाहेर येतो, बसतो. समोर उभ्या यंत्राकडे बघतो. भावाकडे बघतो. विचारतो, मला भेटायला या यंत्रावर बसून आलास? तो हो म्हणतो. डोळे भरून येतात, पुढे काही नाही. दोन मिनिटांचं काम. पण ती दोन मिनिटं खोटी पडली असती तर आधीचा पावणेदोन तासांचा प्रवास वाया गेला असता, आणि म्हणून लिंचने तिथे याला बसवलं.

शेवटचा मोठा रोल ‘लकी’, नव्वदाव्या वर्षी केलेला. दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच, डेव्हिडचा कुणी लागत नाही, आणि तो स्वतःही असाच ‘अरे हा तोच ना’वाला नट. वाळवंटातल्या गावात एकटा राहणारा म्हातारा, सकाळी उठून योगासनं, ग्लासभर दूध, हॉटेलात जाऊन शब्दकोडं, रात्री बार. आणि हा म्हातारा कोण असतो? युद्धात एलएसटीवर स्वयंपाकी असलेला. लिहिणाऱ्यांनी त्याचंच आयुष्य त्याला घालायला दिलं, कपड्यासारखं. एका सीनमध्ये टॉम स्केरिट येऊन बाजूला बसतो, म्हणजे ‘एलियन’मधला यानाचा कॅप्टन, आणि दोघं म्हातारे लढाईच्या आठवणी काढतात, आणि यात हॅरी डीन काय करतो तर ऐकतो. नुसता ऐकतो.

१५ सप्टेंबर २०१७ ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, वय ९१. दोन आठवड्यांनी ‘लकी’ अमेरिकेत थिएटरमध्ये लागला. शेवटच्या सीनमध्ये तो वाळवंटात एका उंचच उंच निवडुंगासमोर उभा राहतो, वर बघतो, मग वळून सरळ कॅमेऱ्यात बघतो आणि हसतो. मग पाठ फिरवून रस्त्याने चालत लांब जातो. बारमधल्या दोस्ताचं हरवलेलं कासव असतं ना, ज्याच्यासाठी तो दोस्त अख्खा पिक्चर रडत असतो, ते तेवढ्यात पुढून सावकाश निघून जातं.